मदत हवी आहे: उंची १६० सेंमी, सायकलचं चाक २७.५ इंचाचं घ्यावं की २९ चं?

सध्याची एमटीबी (डोंगरवाटांची सायकल) जुनी, २६ इंची आहे. आता हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली) घ्यायची आहे, बजेट ४५ हजारांपर्यंत. आठवड्यातून दोनदा पहाटे पुण्यातली वेताळ टेकडी, महिन्यातून एकदा डोणज्यावरून सिंहगड घाट. म्हणजे सुटे दगड, मुरूम, पावसाळ्यात धुपलेल्या चऱ्या आणि बराचसा डांबरी रस्ता. उड्याबिड्या मारत नाही.

दोन्ही मापांच्या सायकली दुकानाबाहेर चालवून बघितल्या, दोन्ही स्मॉल फ्रेमच्या. २९ ची एकदा वेग पकडला की छान पळते, रस्त्यातला खड्डा जाणवलाच नाही. पण हळू यू-टर्न घेताना बुटाचं टोक पुढच्या टायरला घासलं. दोनदा. टेकडीवरच्या अरुंद वळणावर असं झालं तर पडणारच, ही खरी भीती आहे. २७.५ ची लगेच वळते, पाय टेकायलाही सोपी. पण दगडांवर ती २६ पेक्षा कितपत बरी वाटेल, हे डांबरावर कळायला मार्ग नाही. काही कंपन्या लहान फ्रेमला २७.५ चंच चाक देतात, त्यामागे बूट घासण्याचंच कारण असावं असं वाटतं.

२६ चे जुने टायर दोन्हीत चालणार नाहीत हे माहीत आहे. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, सायकल रोज उचलावी लागते. सेकंडहँड नको.

साधारण माझ्याच उंचीच्या कुणी २९ ची सायकल टेकडीवर वर्षभर चालवली आहे का? बूट घासण्याची सवय होते, की ते शेवटपर्यंत नडतंच?