सासूबाईंच्या खोलीत नणंदेने कॅमेरा लावलाय, काढू का?

कुळागरातली सून

नमस्कार. इथे बरेच दिवस नुसती वाचते, लिहिते आहे पहिल्यांदाच. गावाचं नाव देत नाही. गोव्यातला फोंडा तालुका, कुळागरांचा (पोफळी-नारळाच्या बागांचा) भाग, एवढं पुरे. आमच्याकडे कोण शिंकलं तरी माशेलपर्यंत कळतं.

सासूबाई ८३ वर्षांच्या. डॉक्टरांनी डिमेन्शिया लिहून दिलाय. त्यात पावसाळ्यात न्हाणीच्या उंबऱ्यावर घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून देवघरापर्यंत जातात, तेही मनात आलं तर. घरात मी, आमचे हे आणि बारावीतला मुलगा. दीर बहारीनला, नणंद मडगावला. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, पण इन्व्हेंटरी (वारसांमधली कोर्टामार्फत होणारी वाटणी) कुणी केली नाही. घर, कुळागर आणि खाली रस्त्याला लागून भाटाचा (बागायती जमिनीचा) एक तुकडा, सगळं अजून त्यांच्याच नावावर. तो तुकडा रस्त्याला लागून आहे हे मुद्दाम लिहिते. तिथे दिल्लीच्या गाड्या येऊन थांबायला लागल्यापासून घरातल्या सगळ्यांनाच आईंची काळजी जरा जास्त वाटायला लागली आहे.

चवथीला सगळे जमले. माटोळी झाली, आरत्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी वन्संनी पिशवीतून कॅमेरा काढला. मला विचारलं नाही, ह्यांना विचारलं नाही. भाच्याने तो कपाटावर बसवला आणि आमच्याच वायफायला जोडला (पासवर्ड माझ्या चिरंजीवांनी दिला). तेव्हापासून मडगावहून फोन. "सव्वाआठ झाले, पेज अजून का नाही?" "आईची गोधडी सरकलीय." "तू आईशी त्या आवाजात का बोललीस?" त्याच खोलीत मी आईंचं डायपर बदलते, कुशीवर वळवून पाठीला लाल चट्टा आलाय का बघते. ते सगळं मडगावात जावई आणि भाच्यासमोर मोबाईलवर दिसणार, आईंना समजत असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून तेवढा वेळ मी कॅमेऱ्यावर टॉवेल टाकते. तर लगेच, "काय लपवतेस?"

आई फोनवर लेकीला सांगतात, "सकाळपासून मला कुणी काही दिलं नाही." तासाभरापूर्वी नाचणीची तिजण खाऊन वाटी माझ्याच हातात दिलेली असते. वन्संना आईचं खरं वाटतं. मी कोण, परक्याची मुलगी.

भावोजी महिन्याला १५,००० पाठवतात. रात्रीची बाई, डायपर, औषधं, फिजिओ यात ते पुरत नाहीत, पण पाठवतात हे खरं. आता म्हणतात बिलं दाखवा, आणि त्याच ओघात सुपारीचा हिशोबही मागितला. हे चिडून म्हणाले, मग तूच ने आईला बहारीनला. व्हॉट्सॲपवर घरच्यांचा गट आहे, त्यात आता कुणी सुप्रभातसुद्धा टाकत नाही.

आणि परवाचं. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी पोस्टमन घरी आला होता, त्याने मशीनवर आईंचं बोट घेतलं. ते कॅमेऱ्यात दिसलं. संध्याकाळी वन्संचा फोन, "दादाने अंगठा घेऊन घर नावावर करून घेतलं." आता त्या ज्येष्ठ नागरिकांच्या न्यायाधिकरणात अर्ज करणार म्हणतात.

कॅमेरा काढून टाकू का? अर्ज झाला तर पुढे काय होतं? आणि असं कुणी तिऱ्हाईत मिळतं का, ज्याचं हे तिघंही ऐकतील?

पेडण्याचा काका

कोर्टकचेरीत पडू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलवा, कुलदेवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घाला, प्रसाद (देवाचा कौल) घ्या आणि देव सांगेल तसं वागा. आमच्या वाड्यावर असेच वाद मिटले आहेत.

कुळागरातली सून

काका, मामांना बोलावलं होतं. चहा येईपर्यंत ते आईंबद्दल बोलले. चहा आल्यावर विचारलं, "बरं, त्या रस्त्याकडच्या भाटाचं काय ठरलं?" बैठक तिथेच मोडली.

जुना कारकून

ताई, मी उपजिल्हाधिकारी कार्यालयातून निवृत्त झालो. हे अर्ज माझ्या टेबलावरून गेलेत. बहुतेकांची बांधणी ठरलेली असते: पहिल्या पानावर औषध, दुसऱ्यावर जेवण, तिसऱ्यावर सर्वे नंबर.

ज्येष्ठ नागरिकांचा कायदा २००७ चा. अर्ज आई-वडिलांनी करायचा. ते असमर्थ असतील तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते, आणि न्यायाधिकरण आपणहूनही दखल घेऊ शकतं. तेव्हा नणंदेचा अर्ज कुणी हातात घेणार नाही, असं धरून चालू नका. पण "मुलं" या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात येतात. सून येत नाही. म्हणजे नोटीस तुम्हाला नाही, यजमानांना. आणि यजमान त्याच प्रकरणात भावाला आणि बहिणीलाही ओढू शकतात, कारण सांभाळायची जबाबदारी तिघांची. हे कळल्यावर अर्धे अर्जदार गप्प झालेले मी पाहिलेत. निर्वाहाची रक्कम जास्तीत जास्त महिना १०,०००. नोटीस पोचल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो, फार तर ३० दिवस वाढवून मिळतात. सुनावणीआधी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे पाठवता येतं, आणि तुमच्यासारख्या घरात ते तिथेच मिटलेलं बरं.

आता अंगठ्याचं. नणंदेला हे शांतपणे समजावणारं कुणीतरी हवं. गोव्यात लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसला तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरतात. त्यातली अर्धी सासूबाईंची आधीपासूनच आहे. सासऱ्यांच्या अर्ध्याचे वारस तिन्ही मुलं. सासूबाई धडधाकट असत्या तरी स्वतःच्या भागातला अर्धाच त्यांना मृत्युपत्राने मनासारखा देता आला असता. बाकीचा अर्धा कायद्याने मुलांसाठी राखीव. त्यात डिमेन्शियाची फाईल असलेल्या बाईचा अंगठा घेऊन कुणी खरेदीखत करायला गेला, तर तो स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेईल. भाटाचा तुकडा विकायचा तर तिघांच्या आणि तिघांच्या जोडीदारांच्या सह्या लागतात. इन्व्हेंटरीतही जावई आणि सुना पक्षकार असतात. त्यामुळे तुमच्या घरात एकटा कुणी काही लाटू शकत नाही आणि एकट्याला काही विकताही येत नाही. इन्व्हेंटरीचा नवा कायदा २०१२ चा, लागू झाला २२ डिसेंबर २०१६ पासून. त्याप्रमाणे ती करून घ्या. पण ते काम वकिलाकडे, वेगळ्या दिवशी. आईच्या सांभाळाच्या बैठकीत जमिनीचा शब्द निघाला तर उठायचं, मग तो मामांनी काढलेला का असेना.

तिऱ्हाईत हवा असेल तर विधी सेवा प्राधिकरण. दावा लावायच्या आधीच मध्यस्थी करून देतात. बाईमाणसाला ही सेवा मोफत आहे, उत्पन्नाची अट नाही. (फोंडा २०१५ पासून दक्षिण गोव्यात गेला, पणजीला फेऱ्या मारू नका.) तिथले मध्यस्थ नात्यातले नसतात, हाच त्यांचा मोठा गुण.

डिचोलीची माहेरवाशीण

मी तुमच्या नणंदेच्या जागी आहे, म्हणून लिहिते. राग येईल, येऊ दे.

कॅमेरा लावणं चूक. पण तो का लागला तेही बघा. लग्न होऊन गेलेल्या मुलीला आईच्या खोलीत जायला सुद्धा वहिनीच्या तोंडाकडे बघावं लागतं. फोन केला की "बऱ्या आहेत" एवढ्यावर संपतं. काय खाल्लं, झोप लागली का, रात्री ओरडल्या का, काही नाही. मग डोक्यात नाही नाही ते येतं. मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले आहे. आणि आई "मला उपाशी ठेवलं" म्हणते तेव्हा ते खोटं असेल हे मनाला पटवणं किती कठीण, ते तुम्हाला नाही कळायचं. तुमची ती सासू आहे.

आमच्याकडे गाडं वळलं ते असं. वहिनीला भावाच्या मेव्हणीच्या लग्नाला जायचं होतं, ती म्हणाली, तू ये आणि चार दिवस तूच बघ. पहिल्याच रात्री आईने माझ्या हाताला नखं लावली, मला "कोण गो तू" म्हणाली, आणि पहाटे चारला दार उघडून अंगणात निघाली. परत आल्यावर वहिनीने काही विचारलं नाही. मीही नंतर तिला पेजेची वेळ विचारली नाही.

तुमच्या वन्संना सल्ला नको, काम द्या. रविवार त्यांचा. आणि हो, टॉवेल टाकल्यावर आवाज चालूच असतो, तेवढं लक्षात असू द्या.

रात्रपाळी

मी परिचारिका, वयस्कांच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली. दोघी बरोबर आहात, म्हणूनच भांडण संपत नाही.

"मला जेवायला दिलं नाही" हे या आजाराचं अगदी ठरलेलं वाक्य आहे. नुकतं घडलेलं साठवूनच ठेवलं जात नाही, त्यामुळे जेवणाचा पुरावा त्यांच्यापाशी नसतो. त्या खोटं बोलत नसतात. "माझे पैसे चोरले" हे दुसरं ठरलेलं, आणि ते बहुधा जो सांभाळतो त्याच्याच नावावर येतं, कारण समोर तोच असतो. तिन्हीसांजेला हे वाढतं. स्वतःच्याच घरात बसून "मला घरी जायचंय" म्हणतात. तेव्हा वन्संचा फोन संध्याकाळी नको. सकाळी नाश्ता चालू असताना व्हिडिओ कॉल लावा, घास तोंडात जाताना लेकीला दिसू दे.

सगळ्यात महत्त्वाचं, पुढच्या तपासणीला नणंदेला बरोबर न्या, दिराला फोनवर घ्या. बांबोळीला आयपीएचबीत (सरकारी मानसोपचार रुग्णालयात) दाखवत असाल तर तिथेही असं विचारता येतं. तुम्ही सांगितलेलं ती बाजू घेणं समजते, डॉक्टरने सांगितलेलं आजार समजेल. बार्देश-तिसवाडीतल्या ८१ कुटुंबांवर केलेला एक अभ्यास २००८ मध्ये छापून आला होता. मोठे तज्ज्ञ नव्हेत, शिकवून तयार केलेली इथलीच माणसं घरी जाऊन सांभाळणाऱ्यांना आजार समजावत, रुग्ण चिडला तर काय करायचं ते दाखवत. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण त्याने कमी झाला. रुग्णांचा आजार अर्थातच बरा झाला नाही.

कॅमेरा काढू नका, फिरवा. बिछान्याकडे नको, दाराकडे. रात्री उठून बाहेर जातात का ते कळेल, त्याचा खरंच उपयोग आहे. आणि आवाज बंद.

पेडण्याचा काका

प्रसादाने काही बिघडलं नसतं. पण नर्सबाईंचं पटलं.

कुळागरातली सून

सगळ्यांना एकदम उत्तर देते, वेळ झाला त्याबद्दल राग नसावा.

माहेरवाशीणताई, राग आला होता. दोन दिवस तुमचं उत्तर उघडलंच नाही. मग वन्संना फोन केला आणि सांगितलं, मला माहेरी जायचंय, तुम्ही या. त्या गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "रात्रीची बाई असते ना?" मी म्हटलं, असते, पण शनिवारी तिची सुट्टी. आल्या. काय झालं ते मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलंही नाही. मी परत आले तेव्हा कॅमेऱ्याचं तोंड दाराकडे होतं. वळवला कुणी, देव जाणे.

डॉक्टरांकडे दोघी गेलो. त्यांनी वन्संनाच विचारलं, आईंनी तुम्हाला ओळखलं का? त्या "हो" म्हणाल्या. मी मध्ये बोलले नाही.

भावोजींचं मात्र जमलेलं नाही. मी आता औषधाच्या दुकानाची बिलं महिन्याच्या शेवटी फोटो काढून गटात टाकते, बाईचा पगार त्याखाली लिहिते, सुपारीबद्दल एक अक्षर नाही. ते बघतात, निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. पैसे आले, पण अंगठ्याचं त्यांच्या डोक्यातून गेलेलं नाही. कारकूनकाका, तुमचं उत्तर मी जसंच्या तसं त्यांना पाठवू का? हे म्हणतात नको, त्याला वाटेल आपण वकील लावला. वन्संनी अर्ज केलेला नाही, "करणार नाही" असंही म्हटलेलं नाही.

जुना कारकून

पाठवू नका. त्यांना म्हणा, जमिनीचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) ऑनलाईन दिसतो, बहारीनमध्ये बसून स्वतः काढून बघ कुणाचं नाव आहे ते. तुमच्या शब्दापेक्षा त्यावर विश्वास बसेल. आणि मध्यस्थीसाठी अर्ज वन्सं आणि तुम्ही दोघींनी मिळून करा, एकटीने नको.

कुळागरातली सून

बरं, तसं करते. आणखी एक, विषय वेगळा आहे पण इथेच विचारते. आईंच्या एअर मॅट्रेसचा पंप रात्रभर घरघरतो आणि गादी एका बाजूने बसते. फोंड्यात कुणी दुरुस्त करून देतं का?

रात्रपाळी

आधी नळी बघा, पलंगाच्या कडेला दुमडली असेल. तसं नसेल तर पंप सुटा मिळतो, दुरुस्तीत पैसे घालू नका. तोवर दर दोन तासांनी कूस बदला, बसलेल्या बाजूवर जास्त वेळ ठेवू नका.