मदत हवी आहे: यकृतातल्या गाठींच्या जनुकांच्या यादीत वर सगळं अल्ब्युमिनच येतंय

रानवारा:
मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची मूळ गाठ आणि यकृतातली गाठ यांची डीईसेक२वर (कुठलं जनुक कुठे जास्त चालू आहे ते सांगणारं सॉफ्टवेअर) तुलना केली. यादीत सर्वांत वर अल्ब्युमिन, एपीओए१, फायब्रिनोजेन. मला कॅन्सर पसरवणारी जनुकं हवी आहेत, ही वरची कशी वगळू? उद्या सकाळी गाईडना दाखवायचंय, लवकर सांगा प्लीज.

कोयनाकाठ:
डेटा कुठला? एकाच पेशंटच्या जोड्या आहेत का? निरोगी यकृताचे नमुने?

तात्या७२:
आतड्याचं रक्त पोर्टल व्हेनने थेट यकृतात जातं, म्हणून हा कॅन्सर बहुधा तिथेच आधी पोचतो. पन्नाशीनंतर कोलोनोस्कोपी करून घ्याच.

रानवारा:
तात्या, ते माहीत आहे हो. जीईओ या जनुक-डेटाच्या खुल्या साठ्यातला जीएसई५०७६० हा संच. १८ पेशंट, प्रत्येकाचं निरोगी आतडं, मूळ गाठ, यकृतातली गाठ. निरोगी यकृत नाही.

कोयनाकाठ:
मग मेख तिथेच आहे. गाठीसोबत कडेच्या यकृतपेशी येतात आणि अल्ब्युमिन त्या ढिगाने बनवतात. तुलनेच्या डिझाइनमध्ये कुठला नमुना कुठल्या पेशंटचा तेही घाल, जोड्या आहेतच. पण त्याने ही भेसळ जाणार नाही.

ओवी_बायो:
जीटेक्समधून (निरोगी अवयवांतल्या जनुकांचा डेटा) यकृताची जनुकं घे, यादीतून वजा कर. मी नेहमी हेच करते.

कोयनाकाठ:
सरसकट नको. पीसीके१ यकृताचंच जनुक, पण २०१९ साली पेशंटच्या गाठी उंदरांत वाढवून दाखवलंय की यकृतात रुजणाऱ्या कॅन्सरपेशी ते स्वतःच वाढवतात. तुमच्या चाळणीत तेच आधी उडेल.

ओवी_बायो:
अहो, उद्या दाखवायचंय त्याला! एखादं गेलं तर गेलं.

कोयनाकाठ:
गेलं तर गेलं कसं? असलीच जनुकं शोधायला बसलाय तो.

जास्वंद:
विषय निघालाच आहे तर, माझ्या मामांना चौथी स्टेज आहे. ही टेस्ट करून घ्यावी का?

कोयनाकाठ:
ताई, हे संशोधनातलं आहे. गाठीची आरएएस, बीआरएएफ (ही जनुकं) आणि एमएसआय (डीएनए दुरुस्तीतल्या बिघाडाची खूण) तपासणी झाली का, ते ऑन्कॉलॉजिस्टना विचारा. आरएएसमध्ये म्युटेशन असेल तर नुसत्या सेटुक्सिमॅब या औषधाचा सहसा उपयोग होत नाही.

रानवारा:
माझं राहिलं! जीएसई४१२५८मध्ये निरोगी यकृत आहे, पण तो मायक्रोअरेचा, म्हणजे वेगळ्या तंत्राने मोजलेला. जोडू का?

कोयनाकाठ:
मिसळू नकोस. तिथली तुलना वेगळी चालव. जे मूळ गाठीपेक्षाही जास्त आणि निरोगी यकृतापेक्षाही जास्त, ते यकृतपेशींच्या भेसळीतून आलेलं नसणार.

ओवी_बायो:
म्हणजे पीसीके१ इथेही उडालंच की!

कोयनाकाठ:
उडेल. बल्क डेटात (सगळ्या पेशी एकत्र मोजलेल्या) ते सुटणं कठीण, सिंगल सेल (एकेक पेशी वेगळी मोजलेला) डेटा लागेल. गाईडना तसं सांग.

रानवारा:
सिंगल सेलचा डेटा कुठे मिळेल? निरोगी यकृतासकट हवा.