विषय: शनिवारचं पत्रक – ‘१९ पूर्ण’ ही ओळ छापायला देऊ नका

मीनल लिहिते:

अजित, बास्केटबॉलच्या पत्रकाचा मसुदा आत्ता पाहिला. उद्या सकाळी प्रिंटरकडे जातोय म्हणून रात्रीच लिहितेय. तिसरी ओळ बदल. ‘१९ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय एनबीए ड्राफ्ट नाही’, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात नाव घालता येत नाही, असा नियमच नाही. ज्या वर्षी ड्राफ्ट असेल त्या कॅलेंडर वर्षात मुलगा १९चा व्हायला हवा, मग वाढदिवस डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी का असेना. कूपर फ्लॅग २०२५च्या जूनमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला तेव्हा १८चाच होता. त्याचा जन्म २१ डिसेंबर २००६चा. शिष्यवृत्तीच्या तक्त्याच्या वेळी काय झालं ते आठवतं ना? तसं पुन्हा नको.

अजित लिहितो:

मसुदा गणपतीपासून लिस्टवर आहे, मीनल. मजकूर युवा समितीचा आणि सभागृह-खुर्च्या क्रीडा समितीच्या, हे कार्यकारिणीत ठरलंय. पालकांना एका नजरेत कळेल असं हवं, म्हणून आकडा ठेवला. कॅलेंडर वर्ष, ड्राफ्टचा महिना हे सगळं घातलं तर कुणी वाचणार नाही.

मीनल लिहिते:

आकडा राहू दे, ‘पूर्ण’ काढ आणि ‘ड्राफ्टच्या वर्षात’ घाल. तेवढी जागा आहे. दुसरी अट मात्र पूर्णच राहून गेलीय: इथे अमेरिकेत हायस्कूल केलेल्या मुलाच्या पदवीनंतर एनबीएचा एक हंगाम उलटलेला असावा लागतो. पालक हमखास अडकतात ते इथे. मुलाला एक वर्ष मागे ठेवून उंची-वजन वाढू द्यायचं असा सल्ला सर्रास दिला जातो. तसं केलं की १९ आधीच होतात, पण वर्गासोबत ड्राफ्टही पुढे जातो. फ्लॅगने उलट केलं. हायस्कूल वर्षभर आधी, २०२४मध्ये संपवलं, ड्यूक विद्यापीठाकडून एक हंगाम खेळला आणि गेला.

सुहासकाका लिहितात:

मंडळी, हा नियम काही पहिल्यापासून नाही. पूर्वी हायस्कूलनंतर चार वर्षं थांबावं लागे. स्पेन्सर हेवूड नावाचा खेळाडू त्याविरुद्ध लढला आणि १९७१मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन जिंकला. त्यानंतर दार हळूहळू उघडलं. १९९५ला गार्नेट, १९९६ला कोबी, २००३ला लेब्रॉन, सगळे हायस्कूलमधून थेट. २००५च्या करारात लीगने ते पुन्हा बंद केलं. १८व्या वर्षी सैन्यात जाता येतं, मग चेंडू खेळून पोट भरायला बंदी का? मला हे आजही पटत नाही. पत्रकात हा इतिहास दोन ओळीत आला तर मुलांना कळेल की नियम माणसं करतात आणि माणसंच बदलतात.

विवेक लिहितो:

काका, तेव्हाची आणि आताची गोष्ट वेगळी आहे. आताची अट लीग आणि खेळाडूंच्या युनियनच्या सामूहिक करारात आहे, म्हणून कोर्टात ती पाडणं फार अवघड. अमेरिकन फुटबॉलमध्ये मॉरिस क्लॅरेट या खेळाडूने २००४मध्ये असाच प्रयत्न केला आणि अपिलात हरला. निकाल न्यायाधीश सोनिया सोटोमायर यांनी लिहिला होता, तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात नव्हत्या. करार करणारे सगळे आधीच आत बसलेले, बाहेरच्या १८ वर्षांच्या मुलाचं मत तिथे कुणी विचारत नाही. खरा अन्याय मला तिथे दिसतो.

प्राची लिहिते:

मुलींबद्दल पत्रकात एक अक्षर नाही! माझी लेक शाळेच्या संघात आहे आणि शनिवारी येणाऱ्यांत निम्म्या मुली असतील. डब्ल्यूएनबीएत, म्हणजे मुलींच्या लीगमध्ये, इथल्या कॉलेजच्या मुलीला चार वर्षं काढावी लागतात किंवा ड्राफ्टच्या वर्षात २२ची व्हावं लागतं. ज्युएल लॉइड २०१५मध्ये तिसरं वर्ष संपवून आली, कारण तिचा वाढदिवस ऑक्टोबरचा. ड्राफ्ट एप्रिलमध्ये होता. म्हणजे इथेही कॅलेंडर वर्षच. मुलग्यांना १९ आणि मुलींना २२ का, हा प्रश्न मुली विचारणारच. उत्तर तयार ठेवा.

संदीप लिहितो:

एरवी मी लिस्टवर फारसा लिहीत नाही, पण हे लिहायलाच हवं. आपल्या कितीतरी मुलांचे पासपोर्ट भारतीय आहेत, एच-४वर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर आहेत. माझ्या मुलाला त्याच्या क्लबच्या कोचने सांगितलं, ‘तू इंटरनॅशनल, तुला ते एक वर्ष लागू नाही.’ आम्ही तो हिशेब धरून बसलो होतो. करार वाचल्यावर कळलं की इथे पासपोर्ट बघतच नाहीत. इथे हायस्कूल पूर्ण केलं किंवा कॉलेजात नाव घातलं की तो मुलगा इंटरनॅशनल धरला जात नाही.

दुसरं पैशाचं. २०२१च्या जुलैपासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमावता येतं, २०२५पासून कॉलेजं थेटही देऊ शकतात. एच-४वर काम करायची परवानगी नाही, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर ती फार मर्यादित. केंटकी विद्यापीठाचा परदेशी खेळाडू ऑस्कर शिब्वे २०२२मध्ये संघ बहामाजला गेला तेव्हा तिथे जाहिराती करून आला, कारण इथे करणं धोक्याचं होतं. वयाची ओळ चुकली तर वर्ष जाईल, ही चुकली तर मुलाचा व्हिसा जाईल. इमिग्रेशन वकिलाला दाखवल्याशिवाय कशावरही सही नको, हे ठळक अक्षरात हवं.

विवेक लिहितो:

संदीपला शंभर टक्के पाठिंबा. जोडीला एक: ड्राफ्टला नाव दिल्यावर परत कॉलेजला यायचं असेल तर एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या मुदतीतच नाव मागे घ्यावं लागतं. एनबीएची मुदत त्यानंतर असते, तिच्यावर विसंबू नये. एजंटही एनसीएएने प्रमाणित केलेलाच हवा.

सुहासकाका लिहितात:

सतनाम सिंगचं नाव घाला रे कुणीतरी. पंजाबातल्या खेड्यातला मुलगा, २०१५मध्ये एनबीएच्या डॅलस संघाने ५२वा निवडला, कॉलेज न करता. आपली मुलं ऐकतील तर त्याचंच ऐकतील.

अजित लिहितो:

सतनामबद्दल शनिवारी तुम्हीच बोला काका, दहा मिनिटं तुमची. पत्रकावर पुढच्या बाजूला आता असं जाईल: ‘मुलगे – ड्राफ्टच्या वर्षात १९ आणि हायस्कूलनंतर एक हंगाम. मुली – कॉलेजची चार वर्षं किंवा ड्राफ्टच्या वर्षात २२.’ इतिहास नाही, जागा नाही. संदीप आणि विवेकचा मजकूर मागच्या बाजूला पूर्ण बसतो, पण तिथे दिवाळी फराळाच्या ऑर्डरची चौकट आहे आणि ती काढायला खजिनदारांचा होकार लागेल. खजिनदार वहिनी, सकाळी आठच्या आत कळवा, प्रिंटर नऊला उघडतो.