भूगोल ‘समजून घ्या’ म्हणणाऱ्यांनो, बोर्डाला महिना राहिलाय. आता पाठांतरच बरं की नाही?

वखारभाग_आई (सांगली):
पोरीच्या दहावीच्या पूर्वपरीक्षेचे पेपर हातात मिळाले. बाकी सगळं ठीकठाक, भूगोलात (पुस्तकात भारत आणि ब्राझील आहेत) ४० पैकी १७. त्या दिवशी शाळेतनं आली ती सरळ आतल्या खोलीत, जेवायला पण बाहेर येईना, मैत्रिणींचे फोन उचलेना. त्यात कुणीतरी शहाण्यानं वर्गाच्या पालक ग्रुपवर सगळ्यांच्या मार्कांची यादी टाकली, म्हणजे संध्याकाळपर्यंत खालच्या काकूंना पण आकडा माहीत. असो, ते वेगळंच प्रकरण आहे.

मला बोलायचंय ते असं की वर्षभर शाळेत, क्लासात, यूट्यूबवर सगळ्यांचं एकच पालुपद, भूगोल पाठ करू नका समजून घ्या. घेतला की तिनं समजून! ॲमेझॉनच्या खोऱ्यात वस्ती विरळ का ते विचारा, हातवारे करून दहा मिनिटं सांगेल. पेपरात मात्र दोन ओळी, आणि त्यात पण ‘तिथे खूप जंगल आहे म्हणून’. आता बोर्डाला महिना राहिलाय तर माझं स्पष्ट मत आहे की स्वाध्यायातली भौगोलिक कारणं आणि मोठी उत्तरं रोज पाठ करायची, लिहून काढायची, संपला विषय. आम्ही असंच शिकलो आणि पास झालो. पटत नसेल त्यांनी जरूर सांगा पण उपदेश नकोत, मार्क कसे वाढतील ते सांगा.

विटेकर:
ताई एवढं टेन्शन कशाला घेताय. बेस्ट ऑफ फाइव्ह आहे ना, सहा विषयांतले चांगले पाच धरतात. सामाजिक शास्त्र राहू दे मागं, तो वेळ गणित-विज्ञानाला द्या. अकरावीला कोण बघतंय भूगोलात किती पडले ते.

माणदेशी_मास्तर:
विटेकर, बेस्ट ऑफ फाइव्ह टक्केवारीला आहे, पास व्हायला नाही. सामाजिक शास्त्रात ३५ पडलेच पाहिजेत. इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर ४० चा, भूगोलाचा ४० चा, शाळेकडचे २०, असे मिळून शंभर. आणि ज्या पोराचं गणित कच्चं आहे त्याला टक्केवारी ओढायला हाच विषय असतो. माझ्या शाळेतली निम्मी पोरं अशी आहेत, त्यांना तुम्ही ‘राहू दे मागं’ सांगणार का?

वखारभाग_आई, मी माण तालुक्यात भूगोल शिकवतो. आधी एक सांगा, १७ कुठं पडले? प्रश्नवार. त्याशिवाय पाठांतर की समज हे भांडण म्हणजे नुसता वेळ घालवणं.

वखारभाग_आई:
सर उत्तरपत्रिका समोरच आहे. पहिले तीन वस्तुनिष्ठ प्रश्न, १२ पैकी ९. नकाशाचे दोन्ही मिळून ८ पैकी ३. भौगोलिक कारणं ६ पैकी २. आलेख ६ पैकी शून्य, सोडवलाच नाही. सविस्तर ८ पैकी ३.

माणदेशी_मास्तर:
मग बघा की. पाठांतराचे म्हणता ते वस्तुनिष्ठ प्रश्न, त्यात ती बऱ्यापैकी आहे. नकाशा आणि आलेख मिळून १४ मार्क, त्यातले ११ गेलेत. ते पाठ करून येणार आहेत का? आलेखाला पाठांतर लागत नाही आणि फार मोठी समज पण लागत नाही, हात बसावा लागतो. भारताच्या नागरीकरणाची आकडेवारी देतात, १९६१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांची. २०११ चा आकडा ३१.१६ टक्के. उभ्या अक्षावर १ सेमीला ५ टक्के धरलं की सगळं कागदात बसतं. प्रमाण लिहायचं, दोन्ही अक्षांना नावं द्यायची, वर शीर्षक. पोरं स्तंभ सुंदर काढतात, रंगवतात पण, आणि प्रमाण लिहीतच नाहीत. सोडून देण्यासारखा प्रश्न नाहीये तो, पेपरातला सगळ्यात स्वस्त प्रश्न आहे.

वखारभाग_आई:
आलेखाचं मान्य, तो तर काढायलाच लावणार आहे. पण कारणं आणि सविस्तर पण १४ मार्कांचंच आहे आणि तिथं ९ गेलेत, ते थोडे आहेत का? तिथं पाठांतरच लागणार. मूळ मुद्दा माझा तोच होता.

तासगावची_तेजू:
मी बारावीला आहे, दोन वर्षांपूर्वी याच पुस्तकातनं गेले, म्हणून बोलते. काकू पाठांतर करून मी पण बघितलंय, त्यात प्रॉब्लेम असा होतो की प्रश्न जरा फिरवून आला की संपलं. ब्राझीलमधल्या ‘मॅनॉस शहराच्या तापमानात वर्षभर फारसा फरक पडत नाही’ हे कारण माझं तोंडपाठ होतं पण एका सरावपेपरात तापमानाचा आलेख देऊन हे ठिकाण विषुववृत्ताजवळ आहे का लांब असं विचारलं आणि माझी पाटी कोरी. वास्तविक एकच गोष्ट आहे ना ती, मॅनॉस विषुववृत्ताला चिकटून, वर्षभर सूर्यकिरणं जवळजवळ सरळ पडतात म्हणून रेघ आडवी. हे कळलं असतं तर दोन्ही लिहिता आलं असतं.

आणि मार्कांची यादी ग्रुपवर टाकणाऱ्याला कुणी काही बोललं की नाही? कारण अर्धं रडणं त्याचंच असतं, भूगोलाचं नसतं.

वखारभाग_आई:
बोलले मी, यादी डिलीट पण झाली, पण सगळ्यांनी बघितल्यावर.

शाहूपुरी_सातारा:
मी पाठांतराच्या बाजूनं, एकटीच दिसतेय वखारभाग ताईंच्या सोबतीला. बोर्डाचे पेपर तपासलेत मी. तीन मार्काच्या कारणाला तपासणारा काय बघतो, तीन मुद्दे. गठ्ठा मोठा, वेळ थोडा, पोराला आतून किती समजलंय ते बघायला कुणी बसत नाही हो. कागदावर शब्द दिसावे लागतात. ‘घनदाट वर्षावने, दुर्गम प्रदेश, रोगट हवामान’ असे नेमके शब्द आले की टिकमार्क पडते. ‘खूप जंगल आहे’ ला एक मार्क मिळाला असेल तर तपासणारा दयाळू म्हणायचा. आणि हे नेमके शब्द पाठ केल्याशिवाय येत नाहीत. समज घरी, शब्द पेपरात.

माणदेशी_मास्तर:
मॅडम, शब्द लागतात हे शंभर टक्के मान्य. पण शब्द लटकवायला खुंटी लागते की नाही? आमच्या पोरांना ब्राझीलच्या ईशान्येतला अवर्षण चतुष्कोन, म्हणजे तिथला कमी पावसाचा भाग, शिकवायला मला काही कष्ट पडत नाहीत. महाबळेश्वरला पावसाळ्यात साडेपाच-सहा हजार मिमी कोसळतो आणि त्याच जिल्ह्यात आमच्या दहिवडी-म्हसवडला पाचशेच्या आसपास, तो पण आला तर. आमची पोरं टँकरच्या मागं घागर घेऊन पळालेली आहेत, पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराआडचा कमी पावसाचा भाग, काय असते हे त्यांच्या अंगाला माहीत आहे. सांगलीच्या पोरीला शिराळा आणि जत डोळ्यासमोर आणायला सांगा. एकाच जिल्ह्यात एकीकडं भात आणि एकीकडं कुसळं. मग ब्राझीलचं पान तिला परकं वाटणार नाही.

शाहूपुरी_सातारा:
मास्तर, तुमच्या याच पद्धतीनं शिकलेल्या पोरांचे पेपर माझ्याकडं येतात आणि त्यात काय असतं सांगू का? ‘ब्राझीलमध्ये पश्चिमेकडून वारे येतात, पर्वताला अडतात, पूर्वेला पाऊस कमी पडतो.’ सह्याद्री उचलून तिकडं नेऊन ठेवलेला असतो! आपल्याकडं वारे अरबी समुद्रावरनं नैऋत्येकडनं येतात, तिकडं अटलांटिकवरनं, पूर्वेच्या बाजूनं, व्यापारी वारे. पाऊस पूर्व किनाऱ्यावर आणि पर्जन्यछाया उच्चभूमीच्या आतल्या बाजूला. सगळी दिशाच उलटी. माण-खटाव डोक्यात ठेवून लिहिणारं पोर हमखास फसतं. त्यापेक्षा चार ओळी पाठ केलेलं पोर बरोबर लिहून जातं, त्याला माणदेश माहीत नसला तरी.

तासगावची_तेजू:
हे मात्र खरंय मॅडम 😅 आमच्या वर्गात ऋतूंचं पण असंच व्हायचं. डिसेंबर-जानेवारी म्हणजे थंडी हे डोक्यात एवढं पक्कं, की ब्राझीलच्या आलेखात जानेवारीत तापमान जास्त दिसलं तर पोरांना वाटायचं छपाईची चूक आहे. दक्षिण गोलार्ध आहे, तिकडं तेव्हा उन्हाळा असतो, हे एकदा मोठ्या अक्षरात वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं.

माणदेशी_मास्तर:
दिशा चुकते कारण शिकवणारा अर्ध्यात थांबतो. माणदेश सांगून झाला की पुढं विचारायचं, ‘आता ब्राझीलला समुद्र कुठल्या बाजूला आहे?’ पोरगं नकाशा बघतं, पूर्वेला आहे म्हणतं, मग वारा कुठनं येणार ते त्याचं तोच सांगतं. नद्यांचं पण तसंच. कृष्णा महाबळेश्वरला उगवते, अरबी समुद्र तिथनं जवळ, तरी ती वाई, कराड, सांगली करत आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. का? तर पठाराचा उतार पूर्वेकडं. मग ब्राझीलमध्ये पश्चिमवाहिनी नद्या का नाहीत? पश्चिमेला समुद्रच नाही, देशाबाहेर अँडीज उभा आहे, उतार पूर्वेला आणि उत्तरेला. हे पोरानं नकाशावर बोट फिरवून सांगितलं की चार ओळी आपोआप येतात.

शाहूपुरी_सातारा:
जून ते डिसेंबर बोट फिरवा की, मी कुठं नको म्हणते. ताई विचारतायत ते एका महिन्याचं.

कराडकर:
एक विचारू का. आपण सगळे ४० मार्कांवर बोलतोय पण ती पोरगी काय म्हणतेय? तिला कुणी विचारलं का तिनं आलेख का सोडला?

वखारभाग_आई:
विचारलं आज. म्हणाली वेळ पुरला नाही. सविस्तर प्रश्नाला आधी बसली, त्यात काय लिहू काय लिहू करत राहिली, आलेखाला आली तेव्हा बेल झाली. बाहेर मैत्रिणीनं उत्तरं पडताळायला सुरुवात केली तशी हिचं तिथंच पाणी पाणी झालं.

दहावी_ब:
काकू मी पण यंदाच दहावीला आहे, मिरजेत. मला २१ पडलेत, मी पण रडलो, आमच्या घरी अजून सांगितलेलं नाही 🙏 मला विचाराल तर पाठांतर रोज करायला लावलं की विषयाचाच राग येतो. मी आता वेगळं करतोय, रोज जेवणाआधी एक कोरा नकाशा भरतो, ब्राझीलचा एक दिवस आणि भारताचा एक दिवस. पुस्तक बंद करून भरायचा मग उघडून लाल पेननं चुका. पहिल्यांदा ब्राझीलिया मी समुद्रात टाकलं होतं. आता मकरवृत्त, साओ फ्रान्सिस्को नदी, पँटानलची दलदल, मॅनॉस हे डोळे झाकून येतंय. आणि खरं सांगू का, सांगलीत राहून आपल्याला कोयनेचा विसर्ग किती आणि आयर्विन पुलाला पाणी किती फूट हे कुणी पाठ करायला लावलं होतं? ४० ला इशारा ४५ ला धोका, शेंबडं पोर सांगतं. कारण २०१९ च्या पुरात दर तासाला तेच बघत होतो.

वखारभाग_आई:
अरे घरी सांग बाळा आधी. आज सांग. मी रागावले नव्हते तरी हिनं दोन दिवस लपवलं होतं, त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

आणि तू म्हणतोस ते नकाशाचं आवडलं, पण बघ, रोज भरणं, चुका लाल पेननं, परत भरणं, हे माझ्या भाषेत पाठांतरच झालं 😄

विटेकर:
काकू जिंकल्या.

तासगावची_तेजू:
अजिबात नाही जिंकल्या. काकू, तो पुस्तक बंद करून आठवतोय, तुम्ही पुस्तक उघडं ठेवून घोकायला सांगताय. घोकताना सगळं येतंय असंच वाटत राहतं, बंद केल्यावर कळतं काय येत नाही. कारणांना पण तसंच करा ना, प्रश्न वाचायचा, पुस्तक बंद, तीन मुद्दे तिच्या शब्दांत लिहायचे, मग उघडून बघायचं की शाहूपुरी मॅडम म्हणतात ते नेमके शब्द आलेत का. नसतील तर तेवढे शब्द घालायचे. आख्खं उत्तर पाठ नाही करायचं.

शाहूपुरी_सातारा:
याला माझी हरकत नाही. फक्त क्रम बदला पेपरात. वस्तुनिष्ठ, मग नकाशा, मग लगेच आलेख, मग कारणं, सविस्तर सगळ्यात शेवटी. दोन तासांचा पेपर आहे, आलेखाला वीस मिनिटं द्या, त्याच्या वर नाही. प्रश्न क्रमांक नीट टाकले की कुठल्याही क्रमानं लिहिलेलं चालतं.

माणदेशी_मास्तर:
पहिल्यांदाच मॅडमशी सहमत. पण सविस्तर शेवटी ठेवलं म्हणून ते पाठ करून येईल हे मला अजून मान्य नाही. भारत आणि ब्राझीलच्या लोकसंख्येच्या वितरणाची तुलना चार मार्काला येते, त्यात पाठ केलेलं पोर भारताचं पान भरतं आणि ब्राझीलला दोन ओळी. तुलना म्हणजे मुद्दा एक, देश दोन, असं शेजारीशेजारी लिहायला हवं, आणि ते समजल्याशिवाय होत नाही.

वखारभाग_आई:
सर तुमच्या पोरांना तुम्ही आहात, माझ्या पोरीला संध्याकाळी मी आहे आणि मला स्वतःला पँटानल काय ते काल कळलं. माझ्याच्यानं जे होईल ते मी करून घेणार. कारणं रोज दोन, लिहून, तेजू म्हणते तसं पुस्तक बंद करून. आलेख दिवसाआड. तुम्ही त्याला समज म्हणा, मी पाठांतर म्हणते.

बाकी ते ब्राझीलचे कोरे नकाशे सांगलीत कुठं मिळतायत? मारुती रोडला दोन दुकानं फिरले, भारताचे आहेत, ब्राझीलचे संपलेत म्हणे.

दहावी_ब:
काकू झेरॉक्स मारा पुस्तकातल्या आराखड्याची, मी तेच केलंय. नावं आधी व्हाइटनरनं खोडा आणि मग झेरॉक्स काढा, नाहीतर खालून दिसतात.