मदत हवी आहे: स्कॉटिश संसदेत प्रश्न कोणाकरवी मांडावा?

नमस्कार मंडळी. ग्लासगो-एडिनबरा भागातल्या कुणी आमदारामार्फत स्कॉटिश सरकारला प्रश्न विचारून घेतला आहे का?

विषय नाजूक आहे. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बाई छळाला कंटाळून घराबाहेर पडली, तर तिच्या निवाऱ्याचं आणि सरकारी खर्चातल्या वकिलाचं काय? न्याय, घरं, कायदेविषयक मदत हे सगळं होलिरूडकडे, म्हणजे स्कॉटिश संसदेकडे. पण व्हिसा आणि त्यावरची ‘सरकारी निधीचा लाभ नाही’ ही अट लंडनच्या हातात. प्रश्न जरा सैल लिहिला, की मंत्री ‘हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही’ म्हणून मोकळे! म्हणून शब्दरचनेसाठी कुणी जाणकार हवा आहे. माझा कच्चा मसुदा असा: ‘अशा महिलांना निवारा देण्यासाठी सरकार स्थानिक कौन्सिलांना काय मदत करतं?’

दुसरं, लिहायचं कुणाला? 129 सदस्यांपैकी आपल्या वाट्याला आठ येतात, एक मतदारसंघाचा आणि सात प्रादेशिक. आठही जणांना एकदम पाठवलं तर सगळे एकमेकांवर ढकलतील, असं मला वाटतं. लेखी प्रश्नाला एरवी 10 कामकाजी दिवसांत उत्तर येतं. तोंडी प्रश्नासाठी मात्र सदस्यांच्या नावांची सोडत निघते, म्हणजे आपल्याकडच्या तारांकित प्रश्नासारखाच नशिबाचा भाग. मला लेखीच बरा वाटतो, उत्तर कागदावर राहतं.

2020 च्या कायद्यापासून कुठल्याही देशाच्या, व्हिसावरच्या रहिवाशांनाही इथे मत आहे (भारतीयांना ते आधीही होतं), तेव्हा आमदार निदान ऐकून तरी घेतील. कुणी असं पत्र लिहिलं असेल तर मजकूर दाखवाल का? नावगाव खोडून चालेल.