मदत हवी आहे : म्यूझस्कोरमध्ये फक्त कॉर्डची चिन्हे क्रमाने कशी ऐकावीत?

मी पूर्णतः दृष्टिहीन असून विंडोजवर एनव्हीडीए या पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या साहाय्याने म्यूझस्कोर ४ या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये गाण्यांची लीड शीट, म्हणजे चाल आणि तिच्यावर कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या संचांची) चिन्हे असलेले पान, तयार करतो. स्वर निवडून कॉर्ड लिहिण्यासाठी कंट्रोल-के दाबणे, कोमलसाठी बी व तीव्रसाठी हॅश टंकित करणे, स्पेसने पुढच्या स्वरावर आणि स्वर लांब असल्यास अर्धविरामाच्या कळीने पुढच्या मात्रेवर जाणे, हे सर्व मला उत्तम जमते. अडचण लिहिलेले तपासण्याची आहे, आणि वादकांच्या हाती चुकीची कॉर्ड जाऊ नये म्हणून ही तपासणी मला फार महत्त्वाची वाटते. ऑल्ट व उजवा बाण वापरला तर कॉर्ड ऐकू येतात, पण मधला प्रत्येक स्वरही वाचला जातो व कॉर्डचा ओघ तुटतो. माझ्याकडे ब्रेल डिस्प्ले नाही आणि तपासणी मला स्वतःच करायची आहे. स्वर वगळून एका कॉर्डवरून थेट पुढच्या कॉर्डवर नेणारी व माप (तालाचा खंड) आणि मात्रा सांगणारी कळ किंवा प्लगइन कोणी वापरले आहे का?