काठीलाच शिक्षा का? यशयाचा दहावा अध्याय आणि अश्शूरचा गर्व

पानगळ (प्रश्नकर्ता)

गेले काही महिने मी इब्री (हिब्रू) बायबलमधील संदेष्ट्यांची पुस्तके क्रमाने वाचत आहे. मी ख्रिस्ती नाही आणि ज्यूही नाही. प्राचीन पश्चिम आशियाच्या इतिहासाची ओढ एवढेच या वाचनामागचे कारण आहे. यशया, यिर्मया आणि यहेज्केल या तिन्ही मोठ्या पुस्तकांत शेजारच्या राष्ट्रांविरुद्धच्या देववाणींचा एकेक सलग गट आढळतो, आणि मवाबचे राज्य असो, सोर हे बंदर असो की बाबेल (बॅबिलोन) असो, आरोपपत्रात गर्व हा शब्द हमखास येतो. पहिल्या वाचनात मला हा आपल्या ‘गर्वाचे घर खाली’ या म्हणीचाच विस्तार वाटला होता.

यशयाच्या १०व्या अध्यायापाशी मात्र मी अडलो. तेथे परमेश्वर स्वतःच अश्शूर (असीरिया) या महासत्तेला आपल्या क्रोधाची काठी म्हणतो, आपल्याच प्रजेला शासन करण्यासाठी त्याला धाडतो, आणि यरुशलेमच्या सियोन डोंगरावरील काम आटोपले की त्याच अश्शूरच्या राजाला त्याच्या मग्रुरीबद्दल दंड करण्याची घोषणा करतो. ज्याने धाडणाऱ्याचेच काम केले त्याचा अपराध नेमका कोणता? दुसरी शंका थोडी बोचरी आहे, पण विचारतो. महासत्तांच्या टाचेखाली भरडल्या गेलेल्या एका लहानशा राज्याने स्वतःची समजूत घालण्यासाठी रचलेले हे साहित्य आहे, असे म्हटले तर काय चुकेल?

---

ताडपत्र

आपण जेथे अडलात तेथे हबक्कूक नावाचा संदेष्टाही अडला होता. खास्दी लोकांना, म्हणजे बाबेलच्या सत्तेला, शासनाचे साधन म्हणून उभे केले जात आहे हे कळल्यावर त्याने थेट परमेश्वरालाच विचारले की, दुष्ट माणूस आपल्याहून नीतिमान असलेल्याला गिळत असताना तू गप्प कसा बसतोस? म्हणजे ही शंका आजच्या वाचकाने बाहेरून आणलेली नाही. ती या परंपरेच्या पोटातलीच आहे.

आता १०वा अध्याय. सहाव्या वचनात अश्शूरला जे काम नेमून दिले आहे ते मुळीच सौम्य नाही: लूट घ्यावी आणि लोकांना रस्त्यावरच्या चिखलासारखे तुडवावे. लगेच सातव्या वचनात म्हटले आहे की, अश्शूरच्या मनात मात्र हे नाही. पुष्कळ राष्ट्रांचा उच्छेद करणे एवढेच त्याच्या मनात आहे. त्यानंतर राजाच्या तोंडी एक भाषण घातले आहे, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या भाषणात आहे. आपल्या बाहुबलाने आणि आपल्या शहाणपणाने आपण हे केले, राष्ट्रांच्या सीमा पुसल्या, सोडून दिलेल्या घरट्यातील अंडी वेचावीत तशी साऱ्या पृथ्वीची संपत्ती वेचली आणि कोणी पंखसुद्धा फडफडवला नाही, अशी ती बढाई आहे. सीमा पुसल्या हे शब्द अलंकारापुरते नाहीत. जिंकलेल्या लोकांना उचलून दूरच्या प्रांतांत वसवायचे आणि त्यांच्या जागी तिसरीकडचे लोक आणायचे, हे अश्शूरी राज्यकारभाराचे ठरलेले धोरण होते. इस्राएलच्या उत्तरेकडील राज्याची राजधानी शोमरोन पडल्यावर तेथील २७,०००हून अधिक लोक हलवल्याची नोंद सर्गोन राजाने स्वतः कोरून ठेवली आहे.

भाषण संपताच संदेष्टा विचारतो की, कुऱ्हाड आपल्याला चालवणाऱ्यापुढे फुशारकी मारील काय? आपल्याकडे ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ अशी म्हण आहे, पण तिच्यातला दोष वेगळा, स्वकीयांच्या घाताचा. यशयाच्या कुऱ्हाडीने घाव घातले म्हणून तिच्यावर आरोप नाही. घाव घालणारी मीच, असे ती म्हणाली म्हणून आहे. येथील गर्व हा स्वभावाचा ताठा नसून कर्तेपणावरचा खोटा दावा आहे. सफन्याच्या पुस्तकात अश्शूरची राजधानी निनवे मनात म्हणते की, मीच आहे, माझ्यावाचून दुसरी कोणी नाही. यशयाच्या ४७व्या अध्यायात बाबेलही हुबेहूब हेच म्हणते. आणि त्याच यशयाच्या ४५व्या अध्यायात जवळपास हेच शब्द परमेश्वर स्वतःविषयी उच्चारतो. देवाने स्वतःविषयी बोलायचे वाक्य राजधानीने स्वतःविषयी बोलणे, हा या देववाणींतील मूळ गुन्हा आहे.

याला जोडून मर्यादेचाही मुद्दा येतो. ४७व्या अध्यायात बाबेलला सांगितले आहे की, मी माझ्या प्रजेवर रागावलो होतो आणि तिला तुझ्या हाती दिले, पण तू दया दाखवली नाहीस, म्हाताऱ्यांवरसुद्धा फार जड जू लादलेस. जखऱ्या आणखी नेमके बोलतो: मी थोडासाच रागावलो होतो, त्यांनी अनर्थ वाढवला. सहाव्या वचनातील कठोर आज्ञेचा तिढा यामुळे पूर्णपणे सुटतो असे मी म्हणणार नाही. देवाने नेमलेली क्रूरता कोठे संपते आणि राजाची पदरची कोठे सुरू होते, याची रेघ यशया आखून देत नाही.

---

विटेवरची अक्षरे

ताडपत्र यांचे विवेचन मान्य आहे. त्यात फक्त अश्शूरची बाजू घालतो, कारण ती बाजू त्यांच्याच मातीच्या लेखांतून आपल्याला उपलब्ध आहे.

अश्शूरचा राजा देवाला विसरलेला होता असे त्याला कोणी सांगितले असते तर तो चकितच झाला असता. प्रत्येक स्वारी अश्शूर या देवाच्या आज्ञेने आणि त्याच्यावरील भरवशाने निघत असे, आणि राजलेखांत तसे नोंदवलेही जाई. इ. स. पू. ७०१मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदावर, म्हणजे यरुशलेम राजधानी असलेल्या दक्षिणेकडील राज्यावर, स्वारी केली. तिचा वृत्तान्त सांगणाऱ्या त्याच्या मातीच्या षट्कोनी स्तंभलेखात ४६ तटबंदीची नगरे घेतल्याचा आणि २,००,१५० माणसे बाहेर काढल्याचा दावा आहे (हा आकडा फुगवलेला असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात), आणि यहूदाच्या हिज्कीया राजाला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पाखरासारखे कोंडल्याचे वर्णन आहे. यशयाचा राजा घरट्यातली अंडी वेचतो आणि सन्हेरीबाचा लेखनिक पाखरू कोंडतो. एकाने दुसऱ्याचे वाचले असे मला सुचवायचे नाही, पण दोन्हीकडची दृष्टी एकाच उंचीवरून खाली पाहणारी आहे. यरुशलेम जिंकल्याचा दावा मात्र त्या लेखात नाही. खंडणीतील सोने इब्री वृत्तान्तातही ३० किक्कार (वजनाचे जुने माप) आहे आणि अश्शूरी लेखातही तेवढेच; चांदीच्या आकड्यावर मात्र दोन्ही हिशेब जुळत नाहीत, इब्री वृत्तान्त ३०० म्हणतो आणि अश्शूरी लेख ८००.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत रोचक प्रसंग यशयाच्या ३६व्या अध्यायात आहे. वेढ्याच्या वेळी रब्शाके हा अश्शूरी अधिकारी तटावरच्या लोकांना कळावे म्हणून मुद्दाम यहूदी भाषेत ओरडून सांगतो की, परमेश्वराला सोडून मी येथे आलो आहे की काय? या देशावर चढाई कर असे त्यानेच मला सांगितले आहे. १०व्या अध्यायात जे यशया म्हणतो तेच येथे शत्रू म्हणतो, आणि तरीही शत्रूचे म्हणणे निंदा ठरते. कारण पुढच्याच श्वासात तो परमेश्वराला हमाथ आणि अर्पाद या अश्शूरने जिंकलेल्या नगरांच्या पडलेल्या देवांच्या रांगेत बसवतो. नेमले गेल्याचे भान असणे एवढ्याने भागत नाही, असाच याचा अर्थ मला दिसतो.

आता समजूत घालण्याच्या साहित्याविषयी. नहूमाच्या पुस्तकात सूडाचा आनंद आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. निनवे पडल्याची वार्ता ऐकणारा प्रत्येक जण टाळ्या पिटील असेच त्याचे शेवटचे वचन सांगते. ते पुस्तक नो-आमोन (थीब्ज) या मिसरी, म्हणजे इजिप्तमधील, नगरीच्या पाडावाचा, म्हणजे इ. स. पू. ६६३मधील घटनेचा, दाखला देते, आणि निनवे पडली इ. स. पू. ६१२मध्ये. मधल्या काळात अश्शूरने जे जे केले ते भोगलेल्यांची ती टाळी आहे.

पण निव्वळ समजुतीसाठी रचलेले साहित्य स्वतःच्या फसलेल्या वाक्यांची नोंद ठेवत नाही. यहेज्केलाने सोर नगरी बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या हातून उद्ध्वस्त होईल असे सांगितले होते. वेढा १३ वर्षे चालला असे परंपरा सांगते, पण अपेक्षित लूट हाती आली नाही. यहेज्केलाच्या २९व्या अध्यायात, इ. स. पू. ५७१च्या सुमाराच्या तारखेखाली, हे मोकळेपणाने लिहिले आहे: प्रत्येक सैनिकाच्या डोक्याचे केस झडले, प्रत्येकाचा खांदा सोलवटला, तरी सोरच्या श्रमांची मजुरी मिळाली नाही, म्हणून त्याऐवजी मिसर दिला जाईल. आधीचे वचन कोणी खोडले नाही; दोन्ही एकाच पुस्तकात शेजारी राहिली. बाबेलचेही तसेच. यशयाचा १३वा अध्याय तिच्यासाठी देवाने समूळ नष्ट केलेल्या सदोम-गमोऱ्याचा शेवट योजतो, आणि इ. स. पू. ५३९मध्ये पारसाचा (पर्शियाचा) राजा कोरेश याचे सैन्य मात्र लढाईशिवाय नगरीत शिरले असे त्याचा लेख सांगतो. पुढे बाबेल ओसाड झाली ती शतकानुशतके हळूहळू झिजत.

---

नवगाव ते अश्दोद

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू, कुटुंबातला आहे. आमचे मूळ गाव अलिबागजवळ, आणि आता बरीच वर्षे इस्राएलमधील अश्दोदमध्ये राहतो. त्यामुळे आमोसाचे पुस्तक वाचताना माझी थोडी गंमत होते, कारण पहिल्याच अध्यायातील दोषी नगरांच्या यादीत अश्दोदचे नाव आहे (तेव्हा ते पलिष्ट्यांचे होते, एवढे आमच्या बचावासाठी नमूद करतो), आणि तिसऱ्या अध्यायात त्याच अश्दोदच्या वाड्यांना निरोप जातो की, शोमरोनच्या डोंगरांवर जमा आणि तेथे चाललेला जुलूम पाहा. आधीचा आरोपी पुढे साक्षीदार म्हणून बोलावला जातो, आणि आरोपीच्या जागी इस्राएल असतो.

आमोसाची यादी ज्यांनी लक्षपूर्वक वाचली त्यांना समजूत घालण्याचा तर्क फारसा पटणार नाही. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब असा फेरा ऐकताना उत्तरेच्या राज्यातील श्रोते माना डोलावत असतील. मवाबचा गुन्हा तर इस्राएलविरुद्ध नाहीच. अदोमच्या राजाची हाडे जाळून त्यांचा चुना केला, हा तो गुन्हा. म्हणजे शत्रूने दुसऱ्या शत्रूची केलेली विटंबनाही येथे हिशेबात धरली जाते. मग यहूदा येतो आणि शेवटी स्वतः इस्राएल, आणि सर्वांत लांब आरोपपत्र त्याचेच आहे. नवव्या अध्यायात तर परमेश्वर विचारतो की, तुम्ही मला (मिसरच्या दक्षिणेकडील) कूशी लोकांसारखेच नाही का? तुम्हाला मिसरातून आणले, तसे पलिष्ट्यांना कफतोराहून आणि अराम्यांना कीराहून मीच आणले ना? निवडलेपणाचा गर्वही येथे इतर गर्वांच्याच पंक्तीत बसतो.

योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी, ज्याला माझी आजी दारफाळणीचा सण म्हणत असे, दुपारच्या प्रार्थनेत योनाचे पुस्तक वाचले जाते. उपासाचा दिवस कलत असताना आम्ही जे ऐकतो त्यात निनवे, म्हणजे वर चर्चेत असलेली हीच राजधानी, पश्चात्तापाने गोणपाट नेसते आणि नाशातून बचावते, आणि रुसून बसलेला असतो तो आमचा संदेष्टा. बारा लहान संदेष्ट्यांच्या ग्रंथात योना आणि नहूम यांच्यामध्ये केवळ मीखा आहे. ज्यांनी ही पुस्तके एकत्र बांधली त्यांना दोन्ही निनवे हव्या होत्या.

---

पानगळ

तिघांचेही आभार. कर्तेपणाचा मुद्दा आणि रब्शाकेचा प्रसंग यांमुळे १०वा अध्याय मला नव्याने वाचावा लागेल. एक गोष्ट अजून खटकते. उन्मत्त सत्तेचा पाडाव ठरलेलाच आहे असे संदेष्टे मानत असतील, तर यिर्मया आपल्या राजाला बाबेलच्या जुवाखाली मान घालायला का सांगतो? पडणाऱ्या सत्तेविरुद्ध उठण्यात गैर काय होते?

---

ताडपत्र

कारण पाडाव ठरलेला असला तरी त्याची वेळ यहूदाने ठरवायची नव्हती. यिर्मयाच्या २७व्या अध्यायातील शब्द असे आहेत की, सर्व राष्ट्रे नबुखद्नेस्सराची, त्याच्या पुत्राची आणि नातवाची सेवा करतील, आणि हे त्याच्या स्वतःच्या देशाची वेळ येईपर्यंत चालेल. हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा दोनच वर्षांत जू मोडेल असे मंदिरात सर्वांसमक्ष सांगत होता, आणि लोकांना अर्थातच तेच ऐकायचे होते. यिर्मयाने त्याला खोटे ठरवले, आणि बंदिवासात गेलेल्यांना पत्र धाडून कळवले की, घरे बांधा, बागा लावा आणि ज्या नगरीत तुम्हाला नेले आहे तिच्या कल्याणासाठी प्रार्थना करा.

हनन्याचा प्रसंग ग्रंथात सिद्कीया राजाच्या चौथ्या वर्षाखाली, म्हणजे साधारण इ. स. पू. ५९४ किंवा ५९३मध्ये, नोंदवला आहे. ५१व्या अध्यायाच्या शेवटी नेमके तेच वर्ष पुन्हा येते. राजाबरोबर बाबेलला निघालेल्या सरायाजवळ, जो यिर्मयाचा लेखनिक बारूख याचा भाऊ होता, यिर्मया एक गुंडाळी देतो. बाबेलवर येणारे सर्व अरिष्ट तिच्यात लिहिलेले असते. ती बाबेलला पोहोचल्यावर मोठ्याने वाचायची, आणि वाचून झाली की दगड बांधून फरात (युफ्रेटिस) नदीत टाकायची, एवढीच सूचना असते.